तळलेलं, कुरकुरीत, वरून दालचिनी-साखर: तुमचे प्रश्न

गोड आणि कुरकुरीत काहीतरी तळायचंय पण शंकरपाळे नकोत, अशी बरीच पत्रं या वेळी आलीत आणि त्यातली निम्म्याहून जास्त दालचिनी-साखरेत घोळवलेल्या मेक्सिकन, स्पॅनिश पदार्थांबद्दल आहेत. म्हणून हा अंक त्यांनाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, आम्ही डॅलसला राहतो. इथे टाको बेल या फास्टफूडच्या दुकानात सिनमन ट्विस्ट मिळतात, एकदम हलके, पिळाचे, मुलांना भयंकर आवडतात. घरी करावेत म्हणून दुकानातून पिळाचा पास्ता आणला, दिसायला अगदी तसाच, पण तेलात सोडला तर फुललाच नाही, नुसता लाल होऊन कडक झाला. तेल कमी तापलं होतं का?

तेलाचा काही दोष नाही हो. कच्चा पास्ता कितीही कडकडीत तेलात टाकला तरी फुलणार नाही, कारण तो कच्चं पीठ भिजवून वाळवलेला असतो. ट्विस्टसाठी जे लागतात ते आधी शिजवून मग वाळवलेले असतात, आणि सगळी मेख तिथेच आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया घालतात ना, गहू भिजवून वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, सोऱ्यातून घालायचा, खडखडीत वाळवायचा, आणि तळताना बोटभर कुरडई बघता बघता हातभर होते, अगदी तोच प्रकार. शिजल्यामुळे पिठातला स्टार्च चिकट होऊन एकसंध बसतो, वाळला की काचेसारखा कडक होतो पण आत थोडं पाणी धरून ठेवतो, साधारण १० ते १२ टक्के. तेलात पडल्या पडल्या त्या पाण्याची वाफ होते, स्टार्च क्षणभर मऊ पडून ताणला जातो आणि वाफ निघून गेली की तसाच फुगलेला कडक होऊन बसतो. कच्च्या पास्त्यात ताणला जाईल असं काही नसतंच.

तुम्ही डॅलसला आहात म्हणजे तुमचं काम फार सोपं आहे. कुठल्याही मेक्सिकन किराणा दुकानात जा आणि दुरोस किंवा चिचारोनेस दे आरिना मागा. चाकाच्या, पट्टीच्या, पिळाच्या आकारात वाळलेले तुकडे पाकिटात मिळतात, मैदा आणि मक्याच्या स्टार्चचे. मेक्सिकोत रस्त्यावर हे तळून त्यावर लिंबू आणि तिखट सॉस घालून खातात, म्हणजे मुळात खारा-तिखट खाऊ आहे तो. तेल १९० डिग्री सेल्सिअसला आणा, थर्मामीटर नसेल तर एक तुकडा टाकून बघा, तीन-चार सेकंदांत वर येऊन फुलला तर तेल तयार. एका वेळी मूठभरच टाका कारण चौपट जागा लागते, झाऱ्याने सारखं खालीवर करा आणि १५-२० सेकंदांत काढा. रंग येण्याची वाट बघू नका, रंग आला म्हणजे करपायला लागला.

आणि तो उरलेला पास्ता फेकू नका. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा बराच जास्त शिजवा, अगदी लगदा व्हायच्या आधीपर्यंत, मग जाळीवर पसरून खडखडीत वाळवा आणि तळा. दुरोसइतका नाही फुलणार पण फुलेल, आणि खायला छान लागतो.

प्रश्न: आमच्याकडे कोल्हापुरात ते मेक्सिकन काही मिळत नाही. किराणा दुकानात सुट्या नळ्या मिळतात, लहान मुलं बोटात घालून खातात त्या, त्या चालतील का? एकदा करून बघितल्या तर साखर सगळी डब्याच्या तळाशी आणि नळ्या दुसऱ्या दिवशी सादळलेल्या.

चालतील, जातकुळी तीच आहे. फक्त घेताना पांढऱ्या किंवा फिक्या बघून घ्या, पिवळ्याधमक रंगाच्या आणि जास्त मिठाच्या नकोत, आणि तळून एक आधी नुसतीच खाऊन बघा. मीठ थोडं असेल तर उलट चांगलं, दालचिनी-साखरेला चिमूटभर मीठ लागतंच. घरच्या कुरडया असतील तर त्याहून उत्तम. पुढच्या वर्षी वाळवणं घालताना थोड्या बिनमिठाच्या, छोट्या, बोटाएवढ्या कुरडया वेगळ्या घालून ठेवा असं मी मनापासून सांगेन, इतक्या हलक्या आणि दालचिनी-साखर इतकी छान धरणाऱ्या दुसऱ्या कशाच नाहीत, त्या जाळीत साखर बरोबर अडकून बसते.

आता साखर का गळते? एक तर तुम्ही नेहमीची जाड साखर वापरली असणार. ती धरतच नाही. पिठीसाखरही नको, ती तेल पिऊन ओलसर होते आणि पांढरे डाग दिसतात. साखर मिक्सरमधून एकच झटका देऊन काढा, बारीक रव्याइतकी. अर्धी वाटी अशी साखर, दीड चमचा दालचिनी पूड, चिमूट मीठ, हे परातीत आधी तयार पाहिजे, तळायला बसल्यावर शोधाशोध नको. नळ्या चाळणीत निथळल्या की लगेच, हाताला गरम लागतायत तोवर, परातीत टाकून परात हलवायची. पृष्ठभागावर तेलाचा जो पातळसा हात असतो त्यालाच साखर चिकटते. पेपर नॅपकिनवर पाच मिनिटं ठेवल्या की तो हात जातो आणि मग काही केल्या साखर बसत नाही. तेल निथळायच्या आधीच टाकल्या तर साखरेचे गोळे होतात. म्हणजे अर्धा मिनिट, फार तर एक.

सादळण्याचं म्हणाल तर साखर हवेतलं पाणी ओढते, कोल्हापुरात जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. डब्यात भरायच्या असतील तर पूर्ण गार झाल्यावरच भरा आणि साखरेशिवाय भरा. द्यायच्या वेळी ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं गरम करायच्या, पातळ तुपाचे दोन-तीन थेंब हाताला लावून चोळायचे आणि मग साखरेत घोळवायच्या. काही जणी साखरेऐवजी गुळाची पावडर घालू का विचारतात. लगेच खाणार असाल तर जरूर घाला, ठेवायचं असेल तर मुळीच नको, गूळ साखरेपेक्षा लवकर पाझरतो.

प्रश्न: चुरोज (मैद्याच्या उकडीच्या तळलेल्या लांब कांड्या) करताना एक तेलात फटकन फुटला आणि तेल हातावर उडलं. थोडक्यात वाचले. आता करायचीच भीती वाटते. असं का होतं? (ठाणे)

तुमचा हात बरा असेल अशी आशा करते. असं कधी झालं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरायचा, बर्फ नाही, टूथपेस्ट तर अजिबातच नाही.

हा प्रश्न मी गंभीरपणे घेते कारण यात पाककृती लिहिणाऱ्याची जबाबदारी असते. चिलीमध्ये २००४ साली एका वर्तमानपत्राने चुरोजची कृती छापली होती, तेल फार म्हणजे फारच तापवायला सांगितलं होतं, लोकांनी तसंच्या तसं केलं आणि चुरोज कढईतून उडून बरेच जण भाजले. प्रकरण पार सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये कोर्टाने त्या वर्तमानपत्राच्या कंपनीला १३ जणांना नुकसानभरपाई द्यायला लावली. तेव्हापासून कुठलीही तळणीची कृती देताना तेल किती तापवायचं हे न लिहिणं मला मान्य नाही.

चुरोजचं पीठ म्हणजे मैद्याची उकडच. बाहेरचा थर तेलात पटकन कडक होतो आणि आतल्या पाण्याची वाफ कोंडते, तिला वाट नाही मिळाली की फुटतो. म्हणून चुरो सहसा चांदणीच्या आकाराचा असतो, नुसता दिसायला छान म्हणून नाही. खाचांमुळे जाडी कमी राहते, उष्णता आत लवकर पोचते, कवच सगळीकडे एकसारखं जाड होत नाही. गुळगुळीत गोल नोझलने किंवा पिशवीचं टोक कापून केलेत तर फुटण्याचा धोका जास्त. आणि आपल्याकडे चकलीच्या सोऱ्याला चांदणीची चकती असतेच की! तिने बारीक होतात पण घरी करायला तेच बरं, जास्त कुरकुरीत होतात.

कृती सांगते. एक वाटी पाण्याला उकळी आणा, त्यात एक चमचा तेल, एक चमचा साखर, पाव चमचा मीठ. गॅस बंद करून एक वाटी मैदा एकदम घाला आणि लाकडी चमच्याने जोर लावून घोटा, कोरडं पीठ कुठेही राहता कामा नये. कोमट झालं की मोदकाची उकड मळतो तशी मळून घ्या. बेकिंग पावडर घालू नका, त्याने आत आणखी हवा होते. सोऱ्यात भरताना दाबून दाबून भरा कारण मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तोच फुटतो. चार-पाच इंचाचे तुकडे ताटात पाडून ठेवा, थेट कढईवर सोऱ्या धरून पाडायची घाई नको. तेल १८० ते १९०, कढई निम्मीच भरलेली, एका वेळी चार-पाच. धूर यायला लागला तर गॅस बंद करा आणि थांबा. मधेच उलटवा, सोनेरी झाले की काढा. मऊ राहिले तर तेल थंड होतं किंवा लवकर काढलेत, चुरोला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात, आतलं पाणी जायला तेवढा वेळ लागतोच.

एक सांगायचं राहिलं. स्पेनमध्ये चुरोवर बहुतेक नुसती साखर असते किंवा तीही नसते, सकाळी दाट चॉकलेटच्या कपात बुडवून खातात, माद्रिदचं सान हिनेस नावाचं दुकान १८९४ पासून तेच देतंय. दालचिनी-साखरेची चाल मेक्सिकोकडची. तिथे मेक्सिको सिटीत एल मोरो नावाचं १९३५ पासूनचं दुकान आहे, तिथे पिठाची लांबच लांब गुंडाळी तेलात सोडतात आणि तळल्यावर कात्रीने कापतात.

प्रश्न: दालचिनीमुळे कडवट लागतं, काय करू?

दालचिनी पिठात घालत असाल तर बंद करा, तेलात ती करपते. वरूनच घाला. दुसरं म्हणजे बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, एका पदराची, बोटाने न मोडणारी साल मिळते ती बहुतेकदा कॅसिया असते, तिखट आणि जराशी कडवट. खरी दालचिनी पातळ, कागदासारख्या बऱ्याच पदरांची गुंडाळी असते आणि दोन बोटांत चुरा होतो. मेक्सिकोत हीच वापरतात, श्रीलंकेहून मोठ्या प्रमाणावर मागवतात. आपल्याकडेही आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण तेज नावाची जात काढलेली आहे आणि कोकणात लोक लावतात. त्या बाजूला गेलात तर बागवाल्यांकडून घ्या, मंद आचेवर किंचित कोमट करून घरी पूड करा आणि चाळा. विकतची पूड वर्षभर उघड्या डब्यात पडलेली असेल तर तिच्यात वास नसतो म्हणून आपण जास्त घालतो आणि नुसता कडूपणा वाढतो.

प्रश्न: यातलं काहीच हाताशी नसेल आणि मुलांना आत्ता हवं असेल तर?

शिळ्या पोळ्या. पातळ असतील त्या घ्या, कात्रीने शंकरपाळ्यासारखे तुकडे करा, तासभर पंख्याखाली सुकू द्या, मध्यम तेलात तळा आणि दालचिनी-साखर. मैद्याच्या टॉर्टियाचं, म्हणजे मेक्सिकन पोळीचं, तर अमेरिकेत हे फार जुनं आहे. थोडा जास्त वेळ असेल तर मेक्सिकोचे ख्रिसमसचे बुन्युएलोस करा. मैदा, एक अंडं, थोडं लोणी, कोमट पाणी, मऊ कणीक, अर्धा तास झाकून ठेवायची, मग पुरी लाटून हाताने ताणत ताणत इतकी पातळ करायची की खालचा ओटा दिसला पाहिजे. जुन्या बायका गुडघ्यावर फडकं टाकून त्यावर ताणतात. अंडं नको असेल तर सोडा, नुसत्या लोण्यावरही छान होतात. लाटून पाच मिनिटं सुकू द्या म्हणजे फोड कमी येतात. तिकडे यावर दालचिनी घालून उकळलेला काळ्या गुळाचा पाकही ओततात, मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात तर बुन्युएलो खाऊन झाला की मातीची ताटली आपटून फोडायची रीत आहे. पण पाक घातला की कुरकुरीतपणा गेला, तेव्हा या अंकापुरती साखरच.

प्रश्न: एअरफ्रायर?

नळ्या आणि कुरडया थोडं तेल चोळून टाकल्या तर बऱ्यापैकी फुलतात, पण सगळ्या एकसारख्या नाहीत, काही मधे टणक राहतात. पोळीचे तुकडे मस्त होतात, १८० वर सहा-सात मिनिटं, मधे एकदा हलवून. चुरोज मात्र पावासारखे लागतात, ते तेलातच करा. उरलेलं तेल गार झाल्यावर गाळून ठेवा, साखर वरून घातलेली असल्यामुळे तेल खराब होत नाही, भाजीला चार-आठ दिवसांत वापरून टाका.

(पुढच्या अंकासाठी लोणच्याच्या कैऱ्यांबद्दलचे प्रश्न १० तारखेपर्यंत पाठवा, कैरीची जात आणि गाव जरूर लिहा.)