परतीची बोट चौथ्या दिवशी

“ती बोलावतेय, मलाही जायचंय, पण उत्तर लिहायला हात धजत नाही. चार दिवस आम्ही बोलणार काय, मॅडम?”

विचारणाऱ्या बाई सत्तेचाळीस वर्षांच्या. शाळेत एका बाकावर बसणारी त्यांची मैत्रीण नोकरीच्या निमित्ताने एका लहानशा बेटावर गेली आणि तिथलीच झाली. दोघींची गाठ पडून सत्तावीस वर्षं उलटली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि अशा दोन-तीन जणींचे अनुभव इथे एकत्र केले आहेत.)

ही धास्ती घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला कुणी थेट येत नाही. झोप लागत नाही, घरात उगाच चिडचिड होते, असं काहीतरी निमित्त असतं आणि बोलता बोलता जुन्या मित्राचा किंवा मैत्रिणीचा विषय निघतो. अशांपैकी बहुतेक जण चाळिशीच्या पुढचे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळाच्या मानाने फार जास्त निघतात, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे. मुलं मोठी झाली, घरातली धावपळ जरा थांबली, की मन त्या वयात फेऱ्या मारू लागतं. तिथे ही मैत्रीण भेटणारच.

बेटामुळे मात्र हा प्रश्न जास्त अवघड होतो. एरवी तासाभराने घड्याळाकडे बघून “चल, निघते गं” म्हणता येतं. बेटावर बोट ठरलेल्या दिवशीच सुटते, आणि समुद्र खवळला तर तीही नाही. बाईंनी हे सगळं मनात घोळवून ठेवलं होतं. पहिल्या संध्याकाळीच गप्पा संपल्या तर? मी तिला कंटाळवाणी वाटले तर? “आणि मी पळून तरी कुठे जाणार? चारी बाजूंनी पाणी!”

“तिने पळून कुठे जायचं, याचा विचार केलाय का?” मी विचारलं.

तो केलेला नव्हता. पाहुणा सहसा करत नाही. त्याला निदान परतीची बोट असते. घर मैत्रिणीचं, कामं तिची, शेजारीही तिचे. लहान बेटावर कोण आलं आणि कुणाकडे आलं, ही बातमी पाहुण्याच्या आधी घरी पोचलेली असते. भेट फसली तर पाहुणी निघून जाते, आणि “काय गं, गेली का तुझी मैत्रीण?” या प्रश्नाला उत्तरं देत मागे राहते ती यजमानीण. तरीही तिने बोलावलं होतं. म्हणजे जोखीम आधी तिने पत्करली होती. हे लक्षात आल्यावर बाई थोड्या सैलावल्या.

तरी उत्तर जात नव्हतं. याला मी भित्रेपणा म्हणत नाही. लारा एक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या मित्राशी बोलायची इच्छा आहे, पत्ता आहे, निरोप लिहायला वेळही दिला आहे, अशा लोकांपैकी एक तृतीयांशाहून कमी जणांनी तो प्रत्यक्षात पाठवला. अनोळखी माणसाशी बोलायला लोक जितके तयार असतात, त्याहून जुन्या मित्राला निरोप पाठवायला अधिक तयार नसतात, असंही त्यांना आढळलं. ज्यांनी आधी काही मिनिटं सध्याच्या मित्रांना निरोप पाठवले, त्यांच्यात जुन्या मित्राला लिहिणारे मात्र बरेच वाढले. हात सैल होतो, एवढंच. मी बाईंना तेच करायला सांगितलं: रोजच्या तिघी-चौघींना दोन-दोन ओळी पाठवा आणि त्याच बैठकीत हिलाही. “येते,” एवढंच त्यांनी लिहिलं. पुष्कळ झालं.

पुढच्या भेटीत खरी गाठ बाहेर आली. मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा यांनी पत्र पाठवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात शब्द सुचेनात. मग महिना गेला. मग उशिराची लाज वाटू लागली आणि त्या लाजेने आणखी उशीर होत गेला. संबंध त्यामुळेच तुटला, असं त्यांचं ठाम मत होतं. बेत असा की बेटावर उतरल्या उतरल्या माफी मागून मोकळं व्हायचं.

इथे मी त्यांना अडवलं. माफी मागावी, जरूर मागावी. पण पहिल्या संध्याकाळी ती मागणं म्हणजे आपलं अवजड सामान दुसऱ्याच्या उंबऱ्यात उतरवून आपण हाश्श करण्यासारखं आहे. समोरचीने काय करायचं? माफ केलं म्हणायचं, तर ते खरं असेलच असं नाही. नाही म्हणायचं, तर पुढचे तीन दिवस त्याच घरात एकमेकींसमोर वावरायचं. उठून जायची सोय तिलाही नाही. म्हणून मी सुचवलं की माफी बोटीच्या आधी पाठवा. तिला वाचायला आणि हवं तर रडायला वेळ मिळू दे. विषय काढायचा की नाही, तेही तिलाच ठरवू दे.

पहिला मसुदा दोन पानी झाला आणि तो सगळा बाईंना स्वतःला किती त्रास झाला याबद्दल होता. माफीच्या पत्रांचं हे नेहमीचं दुखणं. काटछाट करून उरलं ते असं: “तुझे बाबा गेले तेव्हा मी लिहिलं नाही. आधी सुचलं नाही, मग लाज वाटत राहिली. ते मला फार आवडायचे. यावर तू काही लिहायलाच हवं असं नाही. भेटल्यावर तुला वाटलं तर बोलू.”

उत्तरात मैत्रिणीने कुठल्या चपला आणाव्यात, बोटीत कुठल्या बाजूला बसलं की कमी भिजायला होतं, हे सविस्तर कळवलं होतं. शेवटी एक ओळ: “बाबांबद्दल लिहिलंस ते वाचलं.” या ओळीवर आमचा जवळजवळ एक तास गेला. “म्हणजे रागावली आहे ना?” मी म्हटलं, वाचलं म्हणजे वाचलं.

जाण्याआधीची बाकीची तयारी साधी होती. तिच्या कामाचे दिवस कोणते, हे आधी विचारून घ्यायचं. चारपैकी एक दुपार आपली आपण काढायची आणि तसं तिला आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे तिला रुसवा वाटत नाही आणि आपल्यालाही श्वास घेता येतो. आणि ‘पूर्वीसारखं’ हा शब्द घरी ठेवून जायचं. याबाबत एक हिशेब मी अनेकांना सांगते. जेफ्री हॉल या संशोधकाच्या 2018 मधल्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला सुमारे 50 तासांचा सहवास लागतो, मैत्री म्हणण्याजोगं नातं जुळायला 90 आणि जिवलग व्हायला 200 हून अधिक. चार दिवसांत जागेपणीचे तास भरतात पन्नास-साठ. आज सत्तेचाळिशीत असलेल्या या दोन बायका एकमेकींना अनोळखीच आहेत. तेव्हा या भेटीत जुजबी मैत्री झाली तरी काम फत्ते!

पूर्ण अनोळखी म्हणायच्या का, तर तसंही नाही. संशोधक डॅनियल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये नोकरदार वरिष्ठांना, निदान तीन वर्षं संपर्क नसलेल्या ओळखीच्यांचा कामात सल्ला घ्यायला लावला. त्यांना नवं काही ऐकायला मिळालंच, पण जुना विश्वासही बऱ्यापैकी शाबूत निघाला. मैत्री शिळी होते तेव्हा आधी विटते ती माहिती. तिला मुलं किती, ती कशाला घाबरते, सकाळी कधी उठते, यातलं आपल्याला काही ठाऊक नसतं. विश्वास त्या मानाने टिकाऊ.

प्रत्येकाने जावंच, असं मात्र मी म्हणत नाही. ज्या नात्यात लहानपणी छळ होता, ते नातं वयाने गोड होत नाही. आणि सध्या मन फार खचलेलं असेल, तिथे गेल्यावर सगळं बरं होईल अशी आशा असेल, तर आधी उपचार घ्यावेत. बेटावर रात्री घाबरायला झालं तर जवळ कोण आहे, हा तिथे अगदी व्यवहाराचा प्रश्न असतो.

बाई जाऊन आल्या. पहिली संध्याकाळ झकास गेली. शाळा, तिथल्या बाई, बाक, कोण कुणावर रुसलं होतं, हसून पोट दुखलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो साठा संपला. तो संपतोच, आणि बहुतेक लोक इथेच घाबरून ‘आमच्यात आता काही उरलं नाही’ असा निकाल देऊन टाकतात. बाईंनी दिला नाही, पण फोनमध्ये डोकं घातलं. मैत्रिणीने ते पाहिलं. रात्री दोघी लवकर झोपल्या.

तिसऱ्या दिवशी मालाची बोट यायची होती. आठवड्याचं सामान त्या बोटीने येतं आणि ते उतरवून घेणं, मोजणं हे मैत्रिणीचं काम. पहाटेच ती धक्क्यावर गेली. बाई घरात बसून रागावल्या: एवढ्या लांबून आले आणि हिला खोकी महत्त्वाची. कामाचा दिवस आधी विचारून ठेवला होता, हे रागात आठवत नाही. तासाभराने मात्र त्या उठून धक्क्यावर गेल्या. यादी हातात आली. एकीने खोकी वाचायची, दुसरीने यादीवर खूण करायची. एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, अशा कामात माणसं बोलतात. समोरासमोर बसवून जे निघत नाही ते तिथे सहज निघतं. मोठ्या होत चाललेल्या मुलांच्या आईवडिलांनाही मी हे सांगत असते.

खोकी मोजताना मैत्रीण म्हणाली, “बाबांच्या वेळचं मी कधीच सोडून दिलं होतं गं. तेव्हा कितीतरी जणांनी लिहिलं नाही. मला लागलं ते वेगळंच. आपण एकाच कॉलेजात जायचं ठरवलं होतं, आणि तू गुपचूप दुसरीकडे फॉर्म भरलास. मला यादी लागल्यावर कळलं.”

बाईंना यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

वर्षानुवर्षं ज्या गुन्ह्याचं ओझं वाहिलं तो समोरच्याच्या खातेवहीत नव्हताच, आणि जो नोंदलेला होता तो आपल्याला माहीतही नव्हता, असा प्रकार या कामात मी पुष्कळ पाहिला आहे. आठवण म्हणजे जपून ठेवलेली प्रत नव्हे. ती दर वेळी नव्याने रचली जाते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्येच मांडलं होतं. त्यामुळे अशा वेळी कुणाचं खरं, हा वाद निरर्थक असतो. बाई आधी “मी असं करणं शक्यच नाही” म्हणाल्या. मैत्रीण गप्प झाली. पुढच्या दोन-तीन खोक्यांनंतर बाई म्हणाल्या, “मला आठवत नाहीये. पण तू ते यादीत वाचलंस, हे वाईट झालं.” हे त्यांचं त्यांना सुचलं. मला शिकवायला सांगितलं असतं तर मीही यापेक्षा बरं काही सांगितलं नसतं. न आठवणारी चूक कबूल करण्यात खोटेपणा असतो आणि नाकारण्यात उद्धटपणा. समोरच्याला लागलं, एवढं मान्य करता येतं.

चौथ्या दिवशी बोट वेळेवर आली. दोघी जिवलग झाल्या का? नाही. अधूनमधून फोन होतात. बाईंची एक तक्रार मात्र राहिली: “तिने माझ्याबद्दल फारसं काही विचारलंच नाही.” मी विचारलं, शाळेत विचारायची का? त्या बराच वेळ आठवत राहिल्या. नव्हती विचारत. तेव्हा सांगण्यासारखं काही नसल्याने ते कधी जाणवलं नव्हतं!

आता मैत्रिणीला आपल्याकडे बोलवायचं होतं. “ये गं कधीही” हे आमंत्रण नव्हे. त्याने कुणी येत नाही. म्हणून बाईंनी तारखा लिहिल्या, आपल्या कामाचे दिवस कोणते तेही लिहिलं आणि तीन रात्री राहा म्हणून कळवलं. उत्तर आलं: “दोन रात्री पुरेत.” त्यावर त्या पुन्हा माझ्यासमोर बसल्या, तिला मनापासून यायचं नाही असा याचा अर्थ होतो का म्हणून. मी म्हटलं, बोटीचे दिवस बघून ठरवलं असेल, किंवा पहिल्या खेपेला तीन रात्री तिलाही जास्त वाटत असतील. मला काय माहीत, तिलाच विचारा. अजून विचारलेलं नाही.