३ टक्के नेमके कशावर? मॅसॅच्युसेट्सचा सीपीए अधिभार

तुमचा प्रश्न असा की, गावात नोव्हेंबरच्या मतदानात कम्युनिटी प्रिझर्वेशन ॲक्टचा (सीपीए, म्हणजे मोकळ्या जमिनी, जुन्या वास्तू, परवडणारी घरं आणि मैदानांसाठी पैसा उभारायचा राज्याचा कायदा) ३ टक्के अधिभार आलाय, तर ७ लाख डॉलरच्या घरावर २१ हजार भरायचे का? आणि त्यातून क्रिकेटचं मैदान होईल का?

नाही हो! ३ टक्के घराच्या किमतीवर नाहीत, मालमत्ता कराच्या रकमेवर आहेत. समजा कराचा दर घराच्या किमतीच्या दर हजारी १२ डॉलर आहे. कर झाला ८,४००, अधिभार २५२. आता मतपत्रिकेवरचा मजकूर नीट वाचा. घराच्या पहिल्या १ लाखाची सूट गाव देतंय का? देत असेल तर हिशेब ६ लाखांवर होतो आणि अधिभार येतो २१६, म्हणजे दर तिमाहीला ५४ डॉलर. ही सूट द्यायची की नाही, ते गावाच्या हातात असतं. कमी उत्पन्नाच्या घरांना आणि बेताचं उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना पूर्ण माफीही देता येते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. ३ टक्के ही कमाल मर्यादा आहे. बोस्टनने २०१६ मध्ये १ टक्काच घेतला.

गंमत म्हणजे तुम्ही यात आधीच पैसे भरलेत. क्लोजिंगचे (घरखरेदी पूर्ण झाली तेव्हाचे) कागद काढून नोंदणीचा खर्च बघा. २०१९ अखेरपासून बहुतेक दस्तांमागे ५० डॉलर (आधी २० होते) राज्याच्या सीपीए निधीत जातात आणि कायदा स्वीकारलेल्या गावांमध्येच वाटले जातात. राज्यातल्या ३५१ शहरं-गावांपैकी निम्म्याहून जास्त त्यात आहेत. तुमचं गाव 'नको' म्हणालं तरी तुमचे ते पैसे दुसरीकडे खर्च होणारच. मात्र 'गावाने अधिभारातून जमवलेल्या प्रत्येक डॉलरला राज्य डॉलर देतं' असं कोणी सांगत असेल तर ती सुरुवातीच्या वर्षांची गोष्ट. वाटेकरी वाढले, वाटा घटला.

मोकळ्या जमिनी, ऐतिहासिक वास्तू आणि परवडणारी घरं, प्रत्येकाला या पैशातले दरवर्षी किमान १० टक्के ठेवावेच लागतात. बाकीचा पैसा या तिन्हींत किंवा मैदानं-बागांवर. जुन्या टाउन हॉलचं छप्पर दुरुस्त करता येतं, रोजची देखभाल नाही.

मी 'हो' म्हणेन. पण खरी लढाई मतदानानंतर सुरू होते. रान विकत घ्यायचं म्हटलं की टाउन मीटिंगमध्ये (गावाचा खर्च मंजूर करणाऱ्या सभेत) भराभर हात वर होतात. परवडणाऱ्या घरांचं नाव निघालं की सगळ्यांना एकदम पार्किंगची काळजी वाटायला लागते. म्हणून ५ ते ९ जणांच्या सीपीए समितीत कोण बसतंय ते बघा. तिच्या शिफारशीशिवाय एक डॉलर हलत नाही. टाउन मीटिंग रक्कम कमी करू शकते, फेटाळू शकते, वाढवू शकत नाही.

ग्रीन कार्डवर असाल तर मत देता येणार नाही, पण समितीला दरवर्षी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. तिथे जा. क्रिकेटच्या मैदानाचं तुम्ही विचारलंय ते तिथेच मांडा, फक्त कृत्रिम गवताचा खर्च त्यात धरू नका. त्याला हा पैसा वापरायला कायद्यानेच मनाई आहे.