चाळीस किलोमीटरची धास्ती सोडा, लॉक-इनचं कलम वाचा

प्रश्न : मी एम.सीएच. यूरोलॉजिस्ट आहे. सरकारी बाँडची सेवा पूर्ण करून दीड वर्षापूर्वी एका जिल्ह्याच्या शहरातल्या खासगी हॉस्पिटलमध्ये लागलो. पहिलं वर्ष दरमहा ४ लाखांची मिनिमम गॅरंटी, त्यानंतर शस्त्रक्रियांच्या फीमधला हिस्सा, असं ठरलं होतं. करारात ३ वर्षांचा लॉक-इन आहे. त्याआधी सोडलं तर २५ लाख भरायचे आणि सोडल्यावर ३ वर्षं ४० किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही. माझी मूळ प्रमाणपत्रं आणि सह्या केलेले दोन कोरे चेक त्यांच्याकडे आहेत. गेले ५ महिने हिस्सा मिळालेला नाही. विचारलं की ‘योजनेचे पैसे आले नाहीत’ हे उत्तर. याच शहरातलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल मला घ्यायला तयार आहे, पण ‘आधी तिथून सुटून या’ म्हणतं. डायरेक्टरांच्या कानावर हे गेल्यावर ते म्हणाले, ‘तुमच्यासाठी लेझर मशीन घेतलंय. गेलात तर कौन्सिलकडे तक्रार करू, रजिस्ट्रेशन घालवू.’ मला ही नोकरी धरता येईल का?

उत्तर : डॉक्टर, तुमचं मूळ पत्र तीन पानी आहे. त्यातली दोन पानं चाळीस किलोमीटरच्या अटीवर आहेत, आणि थकलेल्या पैशांबद्दल जेमतेम दोन ओळी. मी तुमच्या जागी असतो तर नेमकं उलटं लिहिलं असतं. नोकरी धरता येईल. पण राजीनामा आज देऊ नका, त्याआधी एक पत्र जायला हवं.

आधी किलोमीटरांचा निकाल लावू. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७ : कोणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद एकच, धंद्याची गुडविल विकली असेल तर. तुम्ही काही विकलेलं नाही. ‘अट वाजवी आहे का’ ही चर्चा इंग्लंडमधल्या कोर्टांत चालते. आपल्याकडे करार संपल्यानंतरच्या बंदीला ती लागू होत नाही. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. तिथे तर दुसऱ्याशी करार करण्याआधी तो देकार जुन्या व्यवस्थापन कंपनीपुढे ठेवायचा एवढीच अट होती, तीही करार संपल्यावर टिकली नाही. त्यामुळे चाळीस असोत की चार, करार संपल्यावर ते आकडे कागदावरच राहतात. अशी अट टिकत नाही हे हॉस्पिटलच्या वकिलांनाही ठाऊक असतं. ती घातली जाते ती कोर्टासाठी नाही, तुमची झोप उडावी म्हणून.

खरी मेख ‘करार संपल्यावर’ या शब्दांत आहे. तुमचा करार अजून दीड वर्ष बाकी आहे, आणि करार चालू असतानाची बंदी कलम २७ मध्ये बसत नाही. १९६७ चा निरंजन शंकर गोलिकरी यांचा निकाल आम्ही वकील आजही उघडतो. कल्याणच्या टायर कॉर्डच्या कारखान्यात ते शिफ्ट सुपरवायझर होते, करार पाच वर्षांचा. दीड-पावणेदोन वर्षांत ते जास्त पगारावर राजस्थानातल्या स्पर्धक कंपनीत गेले. सर्वोच्च न्यायालयानं पाच वर्षांच्या उरलेल्या मुदतीपुरता त्यांच्यावरचा मनाईहुकूम कायम ठेवला. तुमची परिस्थिती वरवर पाहता तशीच दिसते, आणि हॉस्पिटल हाच निकाल पुढे करणार.

फरक दोन आहेत. गोलिकरींना कंपनीनं परदेशी सहयोगी कंपनीचं गुपित तंत्र शिकवलं होतं. तुम्ही पीसीएनएल (पाठीतून छोटं छिद्र पाडून मूत्रपिंडातला खडा काढायची शस्त्रक्रिया) शिकलात ते सरकारी मेडिकल कॉलेजात, या हॉस्पिटलनं त्यात काही घातलेलं नाही. दुसरा फरक जास्त मोलाचा. असा मनाईहुकूम मिळतो तो विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ४२ खाली, आणि त्या कलमाला एक परंतुक आहे : मागणाऱ्यानं करारातली आपली बाजू पाळलेली असली पाहिजे. पाच महिने डॉक्टरचे पैसे न देणाऱ्याला हे परंतुक आडवं येतं. तुम्ही ज्या गोष्टीवर दोन ओळी लिहिल्यात, तीच तुमची ढाल आहे. पण ती कागदावर कुठे आहे? पत्रावरून दिसतं की तुम्ही अकाउंट्सला फोन केलेत, डायरेक्टरांना केबिनमध्ये जाऊन भेटलात, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, काइंडली लुक इन्टू इट’ लिहिलंत आणि त्यांनी अंगठा पाठवला. तो अंगठा जपून ठेवा, पण कोर्टासमोर तेवढ्यावर भागत नाही.

म्हणून पहिलं काम मागणीपत्राचं. ते ई-मेलनं आणि स्पीड पोस्टानं, दोन्ही वाटांनी पाठवा. त्यात महिनावार तपशील द्या : किती शस्त्रक्रिया, कोणत्या, करारानुसार तुमचा हिस्सा किती, मिळाले किती. आकडे ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) रजिस्टर आणि तुमच्या स्वतःच्या डायरीवरून काढा. रोख पैसे भरणारे, विमा कंपनीचे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे रुग्ण वेगळे दाखवा. ‘योजनेचे पैसे आले नाहीत’ ही सबब फार तर योजनेच्या रुग्णांपुरती चालेल, आणि तीसुद्धा पैसे आल्यावरच हिस्सा देऊ असं करारात लिहिलेलं असेल तर. ज्यानं काउंटरवर रोख भरून लेझरनं खडा काढून घेतला, त्याच्या फीमधला तुमचा वाटा कोणत्या योजनेत अडकलाय? हा प्रश्न पत्रात याच शब्दांत विचारा. पंधरा दिवसांची मुदत द्या. पैसे आले तर उत्तम. नाही आले, तर करार त्यांनी मोडला म्हणून आपण बाहेर पडतोय असं राजीनाम्यात नमूद करता येतं आणि लॉक-इनच्या दाव्यातली हवा बरीचशी जाते.

आता २५ लाख. करारात आकडा लिहिला म्हणजे तो मिळालाच असं नसतं. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. कोर्ट देतं ती वाजवी भरपाई, आणि नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. कैलाशनाथ असोसिएट्सचा २०१५ चा निकाल यावर स्पष्ट आहे. तरी पूर्ण निर्धास्त होऊ नका. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या किमान नोकरीची अट आणि २ लाखांची भरपाई वैध ठरवली. ती बँक सरकारी होती, आणि माणूस मधेच गेला की भरतीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हा खर्च न्यायालयानं मानला. तुमच्या हॉस्पिटलचा कसला खर्च झाला? लेझर त्यांच्याच ओटीत आहे, त्याचं बिल त्यांच्याच नावावर आहे, उद्या येणारा यूरोलॉजिस्ट तेच वापरणार. तुम्ही ते बॅगेत घालून नेणार नाही आहात. नवा माणूस मिळेपर्यंतच्या थोड्या नुकसानीचा दावा ते करू शकतील. तुमची थकबाकी त्याच्यासमोर मांडली की आकडा कुठल्या बाजूला झुकतो ते हिशेब पाहूनच सांगता येईल.

प्रमाणपत्रांबद्दल मात्र कसलीही भीड बाळगू नका. दुसऱ्याची वस्तू येणं वसूल होईपर्यंत अडवून ठेवायचा सर्वसाधारण हक्क करार कायद्याच्या कलम १७१ नं मोजक्या मंडळींना दिलाय, त्यात मालक किंवा हॉस्पिटल नाही. गंमत म्हणजे आम्हा वकिलांनाही फीसाठी अशिलाचे कागद अडवता येत नाहीत, असा २००० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. कागद ‘पडताळणीसाठी’ घेतले असतील तर एचआरची पोच शोधा. मागूनही देत नसतील तर वकिलामार्फत नोटीस, मग परत मिळवण्यासाठी दिवाणी दावा. विश्वासानं सोपवलेली वस्तू दाबून ठेवली म्हणून फौजदारी तक्रारीचा विचारही होऊ शकतो. माझा अनुभव असा, की नोटिशीत तेवढा उल्लेख आला की फाइल कपाटातून आपोआप सापडते.

कोरे चेक ही तुमच्या प्रकरणातली सर्वांत नाजूक जागा आहे. सही केलेला कोरा चेक दुसऱ्यानं भरला तरी देणं होतं असं कोर्ट गृहीत धरून चालतं, आणि ते खोडायची जबाबदारी तुमच्यावर येते. ‘स्टॉप पेमेंट’ केल्यानंही परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याचा खटला, टळत नाही. म्हणून आधी लेखी कळवा : अमुक क्रमांकांचे दोन चेक रुजू होताना केवळ सुरक्षा म्हणून दिले होते, त्यावर रक्कम नव्हती, आज माझं काहीही देणं नाही, उलट येणंच आहे, चेक परत करा. हे पाठवल्यानंतर बँकेला पेमेंट थांबवायला सांगा. पुढे चेक वटवायला टाकलाच आणि नोटीस आली, तर पंधरा दिवसांत सविस्तर उत्तर गेलंच पाहिजे. त्या लखोट्याला ‘बघू नंतर’ म्हणू नका.

कौन्सिलची धमकी पोकळ आहे, पण एका अटीवर. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल व्यावसायिक गैरवर्तन बघतं, कोणी किती लाख देणं लागतो हे बघत नाही. मात्र रुग्णाला वाऱ्यावर सोडणं हे गैरवर्तन. तुमच्या शाखेत याचा अर्थ फार ठोस आहे : डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत तात्पुरती ठेवलेली आणि नंतर काढावीच लागणारी नळी. निघताना ज्यांच्या पोटात तुम्ही घातलेला स्टेंट आहे, त्या प्रत्येकाची आयपी (भरतीचा) नंबर, घातल्याची तारीख आणि काढायची तारीख अशी यादी करा, मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या हातात द्या आणि प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. वर्षभरानं कोणी विसरलेल्या, खडे धरलेल्या स्टेंटसह ग्राहक आयोगात गेला, तर ही एक पोच तुमच्या बाजूनं बोलेल. रुग्णांचे फोन नंबर मात्र पेनड्राइव्हवर उतरवून नेऊ नका. गोपनीय माहितीचं संरक्षण नोकरी संपल्यावरही राहतं, आणि हॉस्पिटलला कलम २७ न ओलांडता तुम्हाला अडवायची ती एकमेव सोपी वाट आहे. पत्ता बदलल्याची साधी जाहिरात वर्तमानपत्रात द्यायला २००२ च्या आचारसंहितेत परवानगी आहे. तेवढी पुरते; यूरोलॉजिस्ट गाव बदलत नसेल तर रुग्ण शोधत येतातच.

नोटीस पीरियड करारात असेल तेवढा शब्दशः पाळा, इमर्जन्सी कॉल घ्या. राजीनाम्याच्या आदल्या आठवड्यात जिल्हा न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेवा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई निघणं कठीण होतं. तिची मुदत ९० दिवस. करारात लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी त्रयस्थानं सोडवायचं, कलम असेल आणि तो त्रयस्थ हॉस्पिटलच नेमणार असं लिहिलं असेल, तर २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर ती एकतर्फी नेमणूक चालत नाही. लवाद टळत नाही, माणूस तटस्थ मिळतो. कामगार न्यायालयाचा विचार करू नका. तुमच्या पैशांतून प्रोफेशनल फी म्हणून १० टक्के टीडीएस कापला जातो, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. तुम्ही कन्सल्टंट आहात. पैसे देताना कन्सल्टंट आणि बांधून ठेवताना नोकर, हा या क्षेत्रातला जुना शिरस्ता.

निघाल्यानंतर पहिल्याच आठवड्यात एक पत्र हॉस्पिटलला आणि एक योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीला पाठवा : अमुक तारखेपासून माझं नाव आणि नोंदणी क्रमांक या हॉस्पिटलच्या पॅनेलवर वापरू नये. सोनोग्राफी मशीनच्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालच्या) नोंदणीत तुमचं नाव असेल तर तेही काढायला सांगा. तुमच्या नावावर दुसऱ्यानं केलेली केस अंगाशी यायला वेळ लागत नाही. इन्डेम्निटी पॉलिसी (रुग्णांच्या दाव्यांसाठीचा डॉक्टरचा विमा) हॉस्पिटलच्या गटातली असेल तर स्वतःची घ्या आणि जुनी रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख, म्हणजे जिच्यापासूनच्या कामाला संरक्षण आहे ती, कायम राहील हे बघा. या पॉलिसी सहसा दावा आला तेव्हा चालू असाव्या लागतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी चालू होती एवढं पुरत नाही.

राहिला ट्रस्टच्या हॉस्पिटलचा मसुदा. ‘सुटून या’ हे त्यांचं म्हणणं रास्त आहे, कारण करार चालू असताना तुम्हाला फोडलं असा आरोप त्यांना नको. त्यांना मागणीपत्राची प्रत दाखवा आणि रुजू होण्याची तारीख नोटीस पीरियडच्या पुढची घ्या. लॉक-इन मागितला तर एक वर्षाच्या वर जाऊ नका आणि तो दोन्ही बाजूंना लागू असू द्या : त्यांनी काढलं तर त्यांनीही भरायचं. फी कोणत्या तारखेला, उशीर झाला तर व्याज किती, योजनेच्या रुग्णांचा हिस्सा पैसे येण्याआधी की नंतर, आणि लागोपाठ दोन महिने थकबाकी राहिली तर लॉक-इन आपोआप संपेल, ही वाक्यं मसुद्यात हवीत. प्रमाणपत्रं दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ घरी न्या. चेक मागितले तर माझ्याकडे पाठवा.