जीएनएम झालेल्या ब्रदरने तिशीनंतर एमएस्सी नर्सिंगला जावं का?

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून ठाण्यात सात वर्षं आयसीयूत ब्रदर (पुरुष नर्स) म्हणून काम केल्यावर एमएस्सीच्या वर्गात आपण उपरे ठरू का, असं तुम्ही विचारलंय. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजातून मेंटल हेल्थ नर्सिंगमध्ये एमएस्सी केलं, म्हणून सांगते.

आमच्या वर्गात मुलगे तिघेच. निम्म्याहून जास्त मुली मल्याळी, बहुतेक जणी बीएस्सी करून आलेल्या. जीएनएम करून, वॉर्डात वर्षं काढून आलेली एकच होती, जव्हारची. वयाने मोठी, म्हणून आम्ही तिला ताई म्हणायचो. आमचं एक पोस्टिंग ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात होतं, १९०१ सालापासूनचं ते. तिथल्या एक आजी कुणाशीच बोलेनात. मी केस शीटवर ‘प्रतिसाद नाही’ असं लिहूनही टाकलं. ताई त्यांच्याशेजारी जाऊन बसली, वारलीत काहीतरी विचारलं, आणि आजी जेवणापासून नातवापर्यंत बोलत सुटल्या. मी तो शेरा खोडला. मानसिक आजारात रुग्णाचं बोलणं हीच तपासणी असते. ताई वर्गात नसती तर आजींची नोंद चुकीचीच राहिली असती. पुरुषांच्या वॉर्डातही तेच. आमच्यापुढे गप्प बसणारे रुग्ण आमच्या वर्गातल्या ब्रदरांपाशी दारूचं, झोप न येण्याचं मोकळेपणाने बोलायचे.

तेव्हा उपरे ठरायची काळजी सोडा. अवघड आहे ती वाट. जीएनएमवरून थेट एमएस्सी होत नाही. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएम झालेल्यांसाठीची नर्सिंगची पदवी, त्यात किमान ५५ टक्के, मग दोन वर्षं एमएस्सी. वर्षभराचा अनुभव मागतात, पण तो पोस्ट बेसिकच्या आधीचाही चालतो, म्हणजे तुमच्याकडे तो आहेच. खरा प्रश्न चार वर्षांच्या पगाराचा. मी आधी जिथे नोकरी करत होते तिथल्या दोन सिनियर सिस्टर इथेच अडल्या. त्यांना बिनपगारी रजासुद्धा मिळाली नाही. इंजेक्शन कसं द्यायचं ते मी त्यांच्याकडून शिकले, आणि एमएस्सी झाले मी. हे मला अजून टोचतं.

म्हणून फॉर्म भरण्याआधी मेट्रनना भेटा आणि रजेचं काय ते लेखी घ्या. सात वर्षांच्या अनुभवाचा दाखलाही आत्ताच मागून ठेवा, नोकरी सोडल्यावर त्यासाठी फार खेटे पडतात. कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे ना, हे स्वतः तपासा. आणि विषय निवडताना मेंटल हेल्थचा विचार नक्की करा.