पांढरं मांजर करडं का दिसतं?

प्रश्न : आमचं मांजर पांढरंशुभ्र आहे. पांढऱ्या चादरीवर झोपलेलं असताना फोटो काढला, तर मांजर आणि चादर दोन्ही मळकट, करडी आली. खिडकीतून उजेड भरपूर होता. कॅमेरा बिघडलाय का?

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे. त्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला, मांजर ओळखू येत नाही, त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त वस्तूवरून उसळून आलेला उजेड. समोरचं सगळं मिळून सरासरी मध्यम करडं असणार, असं गृहीत धरून तो हिशेब करतो. मध्यम करडं म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारा रंग. उजेड मोजायला वापरतात ते ग्रे कार्ड याच रंगाचं असतं. तुमच्या चौकटीत पांढऱ्याशिवाय काहीच नाही. मीटरला वाटलं, उजेड फारच झाला, आणि त्याने तो कापला. काळं मांजर काळ्या कोटावर झोपवून बघा, तेही करडंच येईल.

तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड (एक्स्पोजर) कमी-जास्त करणारं, अधिक-उणे खूण असलेलं बटण शोधा आणि अधिक १ वर न्या. तरी मळकट वाटलं तर अधिक दीडपर्यंत. अधिक १ म्हणजे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड. समोर एवढं पांढरंफेक दिसत असताना हात उण्याकडेच जातो, तो आवरा. काळ्या मांजरासाठी मात्र उणेच. पूर्ण ऑटो मोडमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांत हे बटण चालत नाही, म्हणून ॲपर्चर प्रायॉरिटी लावा; त्यात ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, तुम्ही ठरवता आणि शटरचा वेळ कॅमेरा. आणि काम झालं की काटा शून्यावर आणा, नाहीतर पुढचे सगळे फोटो पांढरट येतील आणि पुढच्या अंकासाठी मला आणखी एक पत्र!

प्रश्न : कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो छान दिसतो, कॉम्प्युटरवर काळवंडलेला. खरा कोणता?

उत्तर : स्क्रीन बघून एक्स्पोजर ठरवूच नका. तोच फोटो अंधाऱ्या खोलीत झगमगीत दिसतो आणि उन्हात काळा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत किती भाग काळा, किती करडा, किती पांढरा ते दाखवणारा आलेख, बघायची सवय लावा : डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आलेख उजव्या कडेला थडकून तिथेच उभा चढला असेल, तर तिथला तपशील गेला. सावलीतलं थोडंफार नंतर उपसून काढता येतं, पूर्ण पांढरं झालेलं नाही. मधोमध उंचवटा असलेला हिस्टोग्राम तेवढा बरोबर, ही समजूत मात्र सोडून द्या. त्या मांजराच्या बरोबर आलेल्या फोटोचा आलेख उजवीकडेच रेललेला असेल, असायलाच हवा.

प्रश्न : लाल गुलाब उन्हात टिपला. हिस्टोग्राम उजव्या कडेपासून लांब होता, तरी पाकळ्या म्हणजे नुसता लाल डाग. असं कसं?

उत्तर : हा प्रश्न फार आवडला. तुम्ही पाहिलात तो बहुधा एकच पांढरा आलेख. तो लाल, हिरवा आणि निळा एकत्र करून काढलेला असतो, आणि त्यात हिरव्याचं वजन सगळ्यांत जास्त धरतात. गुलाबात हिरवं-निळं जवळपास नाहीच. त्यामुळे लाल चॅनेल काठोकाठ भरून सांडला, तरी एकत्र आलेख म्हणतो, अजून जागा आहे! फोटो मोठा करून पाकळीवर पाकळी चढते ती जागा बघा. तिथली बारीक शीर, कडेची मखमल, दुमडीतली सावली, सगळं एकाच लालात बुडालेलं दिसेल.

मेनूतून तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम सुरू करा आणि लाल कडेपासून सुटेपर्यंत एक्स्पोजर कमी करत जा. बहुतेक वेळा पाऊण ते एक स्टॉप पुरतो. ‘व्हिव्हिड’सारखा भडक पिक्चर मोड लावला असेल तर तो आधी काढा. सावलीचा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) उन्हात तसाच राहिला असेल, तर तोही लाल आणखी वर ढकलतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढत असाल तर थोडा दिलासा आहे : कॅमेरा हिस्टोग्राम जेपेगवरून, म्हणजे त्याने स्वतः तयार केलेल्या फोटोवरून, काढतो, त्यामुळे त्यात लाल कडेला थडकलेला दिसला तरी रॉ फाइलमध्ये बऱ्याचदा शाबूत असतो.

प्रश्न : पौर्णिमेचा चंद्र दर वेळी पांढरी टिकली होऊन येतो.

उत्तर : रात्र आपल्याकडे आहे, चंद्रावर ऊन पडलंय. मीटर मात्र काळं आकाश उजळवायला बघतो. मॅन्युअलवर जा : ॲपर्चर एफ/११, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) २००, शटर १/२०० सेकंद. चंद्रकोरीला याहून जास्त उजेड द्यावा लागेल.

प्रश्न : खरा फोटोग्राफर मॅन्युअल मोडच वापरतो ना?

उत्तर : मॅन्युअल लावून मीटरचा काटा शून्यावर आणत बसलात, तर ऑटो जे करतो तेच हाताने केलंत, तेही सावकाश. उजेड तोच राहून चौकटीतल्या गोष्टी बदलत असतील, तिथे मॅन्युअल कामाचा. फोटो जोडून पॅनोरामा करायचा असला की हवाच, नाहीतर प्रत्येक तुकडा वेगळा उजळ येतो आणि आकाशात उभे पट्टे दिसतात. फक्त आधी ऑटो आयएसओ बंद केलाय ना, ते बघा. तो चालू असेल, तर तुम्ही शटर आणि ॲपर्चर कितीही पक्कं करा, एक्स्पोजर कॅमेराच ठरवतोय.