परदेशवारी आणि ई-सिम

प्रश्न : आम्ही दोघे जपानला मुलीकडे निघालो आहोत. तिने ई-सिमचा (कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवून घ्यायच्या सिमचा) क्यूआर कोड पाठवला आहे. ओटीपी येणारे इथले सिम काढून ठेवावे का?

उत्तर : मुळीच काढू नका. आधी डायल पॅडवर *#०६# दाबा. ३२ अंकी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. ई-सिमचे प्रोफाइल (म्हणजे त्या सिमची माहिती) उतरवून घ्यायला इंटरनेट लागत असल्याने कोड घरच्या वाय-फायवरच स्कॅन करावा; मात्र काही प्लॅनची मुदत तेव्हापासूनच मोजली जाते, तेवढे मुलीकडून विचारून घ्यावे. बसवलेले प्रोफाइल पुसू नका, कारण बहुतेक कोड एकदाच चालतात. तिथे उतरल्यावर मोबाइल डेटासाठी ई-सिम निवडून त्याचे डेटा रोमिंग चालू करावे आणि भारतीय सिमचे न विसरता बंद ठेवावे (मोठी बिले येतात ती इथेच). ओटीपीसाठी भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी.