बधिरता उतरण्याआधीच औषध द्यावे

आपल्या सहा वर्षांच्या मुलीची दुधाची दाढ काढायची आहे आणि मागच्या वेळी ती घरी आल्यावर रात्रभर रडली होती, म्हणून या वेळी वेदनाशामक औषध आधीच द्यावे का, असे आपण विचारले आहे. लहान मुलांच्या दातांवर अनेक वर्षे उपचार करत आल्यावर माझे मत असे की, डॉक्टरांनी तिचे वजन पाहून मात्रा ठरवून दिली असेल तर अवश्य द्यावे.

दाढ काढताना हिरडीला आणि हाडाला जी इजा होते, तिच्यामुळे तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ लागतात आणि मज्जातंतू हळवे होतात. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध ही निर्मितीच रोखते. मात्र पोटात गेल्यावर त्याचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो. मूल रडू लागल्यावर औषध पाजले, तर तेवढा वेळ त्याला नाहक सोसावे लागते, आणि पुढच्या भेटीच्या वेळी त्याला नेमके तेच आठवते. बधिर करण्याच्या इंजेक्शनच्याही आधी औषध दिल्याने फायदा होतोच, असे म्हणण्याइतका पुरावा वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात मिळाला नव्हता, म्हणून मी त्याचा आग्रह धरत नाही. दाढ काढून झाल्यावर लगेच दिले तरी चालते, कारण ओठ-गालाची बधिरता बहुधा दोन-तीन तास टिकते.

आयबुप्रोफेनची एका वेळची मात्रा दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅमपर्यंत असते आणि दोन मात्रांत सहा ते आठ तासांचे अंतर ठेवतात. पॅरासिटामॉलची १५ मिलिग्रॅमपर्यंत, चार ते सहा तासांनी. मुलगी १८ किलोची असेल आणि सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असेल, तर १८० मिलिग्रॅम म्हणजे ९ मिलिलिटर होतात. बाटलीगणिक तीव्रता बदलते, त्यामुळे लेबल वाचूनच हिशेब करावा आणि घरातल्या चमच्याऐवजी औषधाची सिरिंज वापरावी. काही सिरपांत ही दोन्ही औषधे एकत्र असतात. त्यावर पुन्हा वेगळे पॅरासिटामॉल पाजले गेले, तर मात्रा नकळत दुप्पट होते.

दमा, मूत्रपिंडाचा विकार, रक्तस्रावाची प्रवृत्ती किंवा कांजिण्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन देऊ नये. ॲस्पिरिन मुलांना मुळीच देऊ नये. पूर्ण भूल देऊन उपचार होणार असतील, तर उपाशी ठेवण्याच्या काळात औषधही भूलतज्ज्ञांच्या सांगण्याप्रमाणेच द्यावे.

पहिल्या दिवशी जाग असेपर्यंत पुढच्या मात्रा घड्याळ पाहून द्याव्यात. बहुतेक मुलांना दुसऱ्या दिवसानंतर औषध लागत नाही. दोन दिवसांनी दुखणे उलट वाढले, सूज किंवा ताप आला, तर औषध वाढवू नये, दाढ पुन्हा दाखवावी.